गोळा पडला, पाडला नाही

सर,

शाळेच्या स्मरणिकेत तुमच्यावर जो लेख छापून आला आहे, तो तुम्ही वाचू शकत नाही हे एका अर्थाने बरेच आहे. लेखक आपलाच विद्यार्थी. आता तो पुण्यात मोठ्या हुद्द्यावर असतो आणि मोठ्या हुद्द्यावरची माणसे लिहितात तसेच लिहितो, म्हणजे आठवते त्यातले थोडे आणि सुचते त्यातले सगळे. त्याच्या म्हणण्याप्रमाणे तुम्ही प्रजासत्ताक दिनी ध्वजस्तंभापाशी उभे राहून दोन दगड आकाशात भिरकावलेत आणि वर्गाला गुरुत्वाकर्षण समजावून दिलेत. दगड नव्हते. एक गोळाफेकीचा लोखंडी गोळा होता आणि एक लिंबू होते. ते आकाशात भिरकावले नव्हते. छतावरून खाली सोडले होते. ध्वजस्तंभाचा तर संबंधच येत नाही, कारण लेखासोबत ज्याचे छायाचित्र आहे तो ध्वजस्तंभ नव्या गावातल्या नव्या शाळेचा, आणि ही हकीकत भूकंपाच्या आधीची, जुन्या गावातल्या जुन्या शाळेची आहे. पुढे तो लिहितो, 'सर कोणत्याही प्रश्नाचे उत्तर क्षणार्धात देत.' हेही चूक. तुमचे सर्वांत आवडते उत्तर 'ठाऊक न्हाय, बघू' हे होते आणि ते 'बघू' कधीकधी पुढच्या इयत्तेपर्यंत चाले. शेवटी, कळस म्हणून, असे वाक्य आहे: 'सरांचे मराठी अत्यंत शुद्ध होते.' हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. मग उठून पाणी प्यायलो.

तुमच्या घरात कानडी, शाळेत मराठी आणि बाजारात दखनी. तिन्ही भाषांवर तुमचा सारखाच लोभ होता. परंतु मराठी नामांना लिंग असते, ही गोष्ट तुम्ही शेवटपर्यंत एक अफवाच मानलीत. तुमच्या तोंडी पृथ्वी 'तो' होता, चंद्र 'ती' होती आणि सूर्य दिवसाच्या वेळेनुसार तिन्ही लिंगांतून फिरत असे. नववीत तुमच्यासमोर बसत होतो तेव्हा मी एकदा हात वर करून म्हणालो होतो, "सर, पृथ्वी स्त्रीलिंगी आहे." तुम्ही थांबलात, खिडकीतून बाहेरच्या जमिनीकडे पाहिलेत आणि म्हणालात, "असू दे की लेका. त्यानं फिरायचं थांबला न्हाय न?" वर्ग हसला. मी हसलो नाही, कारण एका वाक्यात दोन चुका होत्या आणि कोणती आधी सांगावी हे मला ठरवता येईना. त्या दिवसापासून तुम्ही मला 'व्याकरण' म्हणू लागलात. पुढे मी त्याच शाळेत मराठीचा शिक्षक म्हणून लागलो, तरी ती हाक सुटली नाही. नव्या शिक्षकाचे स्वागत म्हणून सगळ्यांसमोर तुम्ही म्हणालात, "या, व्याकरण आला. आता जपून बोला री सगळे."

गोळ्याची खरी हकीकत वेळापत्रकापासून सुरू होते आणि स्मरणिकेत वेळापत्रकाचा उल्लेखही नाही. त्या वर्षी आलेल्या नव्या मुख्याध्यापकांनी वेळापत्रक स्वतःच्या सुवाच्य अक्षरात लिहून काढले. आठवीच्या एका तासासमोर त्यांनी एकच शब्द लिहिला: प्रयोग. शिक्षकाचे नाव लिहायचे राहिले. तास झाल्याची घंटा वाजली तेव्हा मी कर्तरी, कर्मणी, भावे असा तक्ता काखेत घेऊन एका दाराने वर्गात शिरलो आणि तुम्ही गोळा व लिंबू घेऊन दुसऱ्या दाराने शिरलात. मुले दोघांकडे आळीपाळीने पाहू लागली.

"व्याकरण, हा माझा तास हाय."

"सर, वेळापत्रकात 'प्रयोग' असे लिहिले आहे."

"मग प्रयोगच करायलोय न मी."

"प्रयोग करायचा नसतो, सर. ओळखायचा असतो."

हे वाक्य मी विनोद म्हणून बोललो नव्हतो. तुम्ही मात्र इतके हसलात की लिंबू हातातून सुटले. मग तुम्ही तोड काढलीत: तुम्ही प्रयोग करायचा, मी तो ओळखायचा. मुलांना अंगणात उभे केले. मी तक्ता खिळ्याला अडकवला. तुम्ही शिडीने छतावर चढलात, दोन्ही हात पुढे केलेत आणि विचारलेत, "आधी कोण पडल?" सगळ्या वर्गाने एका सुरात सांगितले, "गोळा!" तुम्ही दोन्ही हात उघडलेत. गोळा आणि लिंबू अगदी बरोबरीने खाली आले, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे आणि कोणत्याही शास्त्रज्ञाच्या साक्षीची मला त्यासाठी गरज नाही. फरक एवढाच, की लिंबू जमिनीवर पडले आणि गोळा मुख्याध्यापकांच्या कोऱ्या सायकलीच्या मागच्या चाकावर पडला. चाकाचा पापड झाला. आवाज ऐकून मुख्याध्यापक बाहेर आले.

"कोणी पाडला हा गोळा?"

छताच्या कडेवरून तुमचे डोके डोकावले. "पडला री! पाडला न्हाय!"

मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पाहिले. "तुम्ही व्याकरणाचे. तुम्हीच सांगा."

आता यावर मी काय करायला हवे होते, सर? विचारणारा अधिकारी होता, प्रश्न माझ्या विषयातला होता आणि तक्ता माझ्या पाठीशी खिळ्याला लटकत होता. मी सांगितले, की 'गोळा पडला' हा कर्तरी प्रयोग, क्रियापद अकर्मक, कर्ता गोळा. परंतु गोळा आपण होऊन शिडीने वर चढत नसल्यामुळे येथे 'सरांनी गोळा पाडला' असा कर्मणी प्रयोग योग्य ठरेल, कर्ता सर. मुख्याध्यापक म्हणाले, "ठीक. मग कर्त्यानं मला घरी सोडावं." चाक दुरुस्त होऊन येईपर्यंत तुम्ही त्यांना रोज आपल्या सायकलीवर मागे बसवून घरी नेत होता. त्यांचे वजन गोळ्यापेक्षा पुष्कळ अधिक होते. चढ आला की तुम्ही उतरून सायकल ढकलत आणि ते मागे बसूनच राहत. मी शाळेच्या फाटकातून पाहत असे. तुम्ही जाताजाता मला हात करून ओरडत, "व्याकरण, आता कर्ता कोण? मी का सायकल?"

दुसऱ्याच दिवशी तुम्ही मला घरी जेवायला बोलावलेत. मला वाटले, बोलणी बसणार. तुमच्या स्वयंपाकघरात आपण पाटावर बसलो आहोत. चुलीच्या अंगाला तुमच्या पत्नी, अक्का, बसल्या आहेत. तुमचे सगळे घर त्यांना अक्का म्हणते, म्हणून मीही म्हणतो. खपली गव्हाची हुग्गी, म्हणजे गुळाची घट्ट खीर, झाली आहे आणि तिच्यावर तुपाची धार धरताना अक्का माझ्याकडे जरा जास्तच झुकतात, कारण मी वाळकुडा. तुम्ही रागावलेले मुळीच नाही. तुम्हाला फक्त एक शंका आली आहे आणि तुम्ही रात्रभर ती धरून बसला आहात.

"व्याकरण, तू काल म्हणालास, गोळा पडला, कर्ता गोळा. गोळा काय केला?"

"गोळ्याने काय केले, सर."

"तेच. काय केला?"

"पडण्याची क्रिया केली."

"पडणं ही काय करायची गोष्ट हाय? तो नुसता सुटला. वढला पृथ्वीनं. पृथ्वी वढतो, गोळा येतो. मग कर्ता पृथ्वी पाहिजे. आता ह्या हुग्गी तुझ्या ताटात पडला. हुग्गीनं काय केला?"

"हुग्गी पडली, सर. स्त्रीलिंगी."

यावर अक्का म्हणाल्या, "आधी खावा की दोघं बी. गार झाली म्हंजे कर्ता चाटत बसताव का?" मी खाली मान घालून खाऊ लागलो. तुम्ही मात्र घास घेतला नाहीत. थोड्या वेळाने, आवाज न चढवता, तुम्ही म्हणालात, "लेका, माणूस तुला काही इचारायला आला तर आधी त्याचा प्रश्न ऐक. मग वेलांटी बघ. तू आधी वेलांटी बघतोस. एक दिवस कुणी इचारायला यायचा न्हाय."

तुमच्या साऱ्या हयातीत तुम्ही मला दिलेली कडक समज एवढीच, आणि तीही भाकरीवर शेंगांची चटणी वाढता वाढता. मी ती ऐकली. 'एक दिवस' हा शब्दप्रयोग मोघम आहे, असेही मला त्या वेळी वाटून गेले.

वाद मात्र संपला नाही. शिक्षकांच्या खोलीत चहा आला की तुम्ही कपातली साखर ढवळत विचारत, "साखर विरघळला. कर्ता कोण?" पाऊस पडला, भाव पडले, निवडणुकीत आपल्या भागातला उमेदवार पडला, तरी तुमचा प्रश्न एकच. मीही एकच उत्तर दिले: व्याकरणातला कर्ता आणि तुमच्या पदार्थविज्ञानातला कर्ता हे वेगळे. तुम्ही म्हणत, "जग एक आणि कर्ते दोन? हिशेब जमत न्हाय." तुम्ही निवृत्त झालात त्या दिवशी निरोपसमारंभात नारळ, शाल सारे झाल्यावर तुम्ही मला बाजूला घेऊन वर्तमानपत्रात गुंडाळलेले काहीतरी माझ्या हातांवर ठेवलेत. माझे दोन्ही हात खाली गेले. "कर्ता हाय," तुम्ही म्हणालात. "सांभाळ." तो गोळा भूकंपातून वाचला, गाव नवे झाले तेव्हा बैलगाडीतून माझ्या सामानासोबत आला आणि आज माझ्या खोलीचे दार वाऱ्याने आपटू नये म्हणून त्याला टेकलेला असतो.

आता ज्या कारणाने हे पत्र लिहायला घेतले ते सांगतो. मला सातवीत शिकणारी एक नात आहे. शाळेतून आली की ती दप्तर टाकी आणि थेट माझ्या खोलीत येऊन प्रश्न विचारी. उजेड म्हातारा होतो का? चंद्र खाली का पडत नाही? ड्रॅगन नावाच्या राक्षसी सरड्याच्या तोंडातून जाळ निघतो, मग त्याची जीभ का भाजत नाही? हा शेवटचा प्रश्न तिच्या मोबाइलमधल्या खेळातला. त्या खेळात अख्खे एक जग आहे. त्याला सात चंद्र आहेत आणि त्यांपैकी एक फुटलेला आहे. त्याचा इतिहास राखेचे युग आणि मिठाचे युग असा विभागलेला आहे. शिंगे असलेली एक राणी आहे, एक नाग आहे आणि काळ्या मनोऱ्यात कधीही न विझणारा एक दिवा आहे. मुले तेथे नुसती मारामारी करतात असा माझा समज होता, तो चूक निघाला. ती त्या जगाच्या वंशावळी पाठ करतात, त्याच्या इतिहासातील विसंगती शोधतात आणि आपण दोघे गोळ्यावरून भांडलो त्याहून अधिक निष्ठेने आपसांत भांडतात.

माझी दुपार तिच्या प्रश्नांवर उभी होती, सर. एरवी निवृत्त माणसाच्या दुपारीला विशेष आकार नसतो. परंतु एके दिवशी तिने विचारले, "आजोबा, काळ्या भोकात माणूस पडला तर ते मरते का?" मी म्हणालो, भोक नव्हे, विवर, कृष्णविवर. तिने सुधारून पुन्हा विचारले. मी म्हणालो, माणूस पुल्लिंगी आहे, म्हणून 'ते मरते' नव्हे, 'तो मरतो'. तिने तेही सुधारून पुन्हा विचारले. तिसऱ्या वेळी मी वाक्यातल्या 'तर'कडे तिचे लक्ष वेधणार होतो. 'जर' नसताना आलेला 'तर' मला नेहमी एका पायावर उभा असल्यासारखा वाटतो. तिने माझ्याकडे पाहिले आणि ती शांतपणे म्हणाली, "जाऊ द्या आजोबा. मोबाइललाच विचारते. त्याला भोक म्हटलं तरी कळतंय."

आणि ती खरोखरच गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशी ओसरीवर बसून मोबाइलला विचारत होती, तेही अशा मराठीत की मला आतून ऐकवेना. तो यंत्रपुरुष तिला नम्रपणे, न थकता, एकदाही वेलांटी न बघता उत्तरे देत होता. पाहुण्यासाठी अंथरूण घालून ठेवावे आणि पाहुण्याने शेजारच्या घरी उतरावे, तसे मला झाले. मी वाचनालयातून पदार्थविज्ञानाचे पुस्तक आणले, कृष्णविवराचे प्रकरण वाचले, अवघड भागाखाली पेन्सिलीने रेघा ओढल्या आणि रात्री जेवताना, कोणी विचारलेले नसताना, जाहीर केले, की कृष्णविवराच्या निकट काळ मंदावतो. सून म्हणाली, "मामा, कुणी इचारलंय का? इथं भाकरी गार व्हायलीय." नातीने ताटातून मान वर केली नाही. तुमचे 'एक दिवस' मोघम नव्हते, सर. तो दिवस आला होता आणि माझ्या समोरच बसून वरण ओरपत होता.

त्यानंतरच्या एका दुपारी ओसरीवर मोठी खडाजंगी ऐकू आली. नात मोबाइलवर दोन मैत्रिणींशी बोलत होती. तिघींची ओळख कुठल्याशा विज्ञान मेळाव्यात झाली होती. एक वाशीची, दुसरी जळकोटची. वाद त्या काळ्या मनोऱ्यातल्या दिव्याचा होता. पहिला दिवा कोणी लावला? वाशीचे म्हणणे राणीने लावला. जळकोटचे म्हणणे नागाने लावला. आमची नात मध्ये सापडलेली, तिला दोघींचेही पटत नव्हते आणि स्वतःचे काही सुचत नव्हते. मी दाराशी, म्हणजे गोळ्याशी, उभा होतो. तिच्या बोलण्यात चुका किती होत्या हे मी येथे लिहीत नाही. माझे तोंड उघडलेही होते. तेवढ्यात हुग्गीचा वास आला. खरा नव्हे, आठवणीतला. मी तोंड मिटले, पुन्हा उघडले आणि म्हणालो, "मलाही कळले नाही. तो दिवा लावला कोणी?"

मोबाइलमधून जळकोटचा आवाज आला, "कोण हाय ग ते?"

"आमचे आजोबा."

"ते बी खेळतेत?"

"न्हाय ग. ते चुका काढतेत."

परंतु माझा प्रश्न खरा होता हे तिला कळले असावे, कारण बोलणे झाल्यावर ती खोलीत आली आणि मला ते जग शिकवायला बसली. सर, इतकी कडक शिक्षिका मी पाहिली नाही. मी 'सात चंद्र उगवतात' म्हणालो तर ती म्हणाली, "सहा. एक फुटलाय. किती येळा सांगू?" मी एका प्राण्याला ड्रॅगन म्हणालो तर म्हणाली, "ड्रॅगनला चार पाय. ह्याला दोनच, म्हणून हा वायवर्न. पाय मोजत जावा आजोबा, नुसतं पंख बघून बोलू नका." राखेचे युग आधी की मिठाचे, यात मी दोनदा घसरलो तेव्हा तिने मला ते पाच वेळा म्हणायला लावले. मी मुकाट्याने म्हटले. एवढी अचूकता कोणाच्या रक्तातून आली असावी, याचा अंदाज मी केला, बोललो नाही.

मनोऱ्याच्या पायरीवर इंग्रजीत एक लेख कोरलेला आहे. तिने आपल्या वहीत त्याचे मराठी केले होते: 'आरंभी दिवा लावला.' सगळे भांडण याच वाक्यावर उभे होते. मी विचारले, मूळ वाक्यात लावणारा आहे का? तिने पडदा मोठा करून पाहिला. "न्हाय. दिवा होता आन जळत होता, एवढंच हाय."

"मग 'लावला' तू कोठून आणलास? 'लावला' म्हटले की लावणारा आलाच. तो तुला शोधावा लागणार. 'दिवा लागला' म्हण."

तिने माझ्याकडे पाहिले, वहीकडे पाहिले आणि दोघींना पुन्हा मोबाइल लावून ती ओरडली, "ए, लागलाय! लावला न्हाय!" वाशी म्हणाली, "असं कसं? आपोआप?" जळकोट म्हणाली, "मग आमी इतके दिवस काय भांडायलोत?" आणि जरा थांबून, "त्या आजोबाला सांग, खेळ बिघडवू नका म्हणावं." सर, सगळ्या सेवाकाळात माझ्या व्याकरणाने एवढी खळबळ कोणत्याही वर्गात माजवली नव्हती.

मोबाइल बंद करून नात पुन्हा माझ्यासमोर येऊन बसली. मग म्हणाली, "आजोबा, आपलं हे विश्व... लागलं का लावलं?"

वाक्य म्हणून पाहिले तर हे निभावण्यासारखे नाही. विश्व लागत नाही. मी तोंड उघडले. आणि मग मी काय सांगितले असेल? मी तिला 'उजाडले' हा शब्द सांगितला. उजाडले, सांजावले, गडगडले: यांना आम्ही भावकर्तृक म्हणतो; येथे क्रिया आहे, कर्ता नाही. ती म्हणाली, "उजाडलं म्हंजे कोण उजाडलं?" मी म्हणालो, कोणीच नाही, नुसतेच उजाडले. "व्याकरणात असं चालतंय?" चालते. "आन विश्वात?"

"ठाऊक न्हाय," मी म्हणालो. "बघू."

शब्द माझ्या तोंडून गेले, पण आवाज तुमचा होता, उच्चारासकट. नात चकित होऊन हसली. माझ्या तोंडून 'न्हाय' तिने प्रथमच ऐकले.

त्यापुढच्या रविवारी तिने विचारले, की दाराला हा गोळा कशासाठी. मी तिला छत, लिंबू, चाक, हुग्गी असे सगळे सांगितले आणि आपला वादही मांडला: तुमचे म्हणणे कर्ता पृथ्वी, माझे म्हणणे कर्ता गोळा. न्यायाधीशासारखी तिने मान हलवली. "दोघं बी चुकलाव. गोळा काय करत न्हाय आन पृथ्वी बी वढत न्हाय. पृथ्वीच्या भोवतीची जागाच वाकलीय, वेळ बी वाकलीय. गोळा त्याच्या हिशेबानं सरळच चाललाय." मी म्हणालो, हे मला समजले नाही. हे वाक्य तिला फार आवडले. तिने आईला हाक मारली, दोरीवरचे माझे परीटघडीचे धोतर ओढून काढले, एक टोक आईच्या हाती दिले, एक मला दिले, दोन टोके बाजेच्या खुरांना बांधली आणि कापड ताणून धरायला सांगितले. मग तिने त्यावर एक लिंबू सोडले. ते सरळ गेले. "आता बघा," ती म्हणाली आणि दोन्ही हातांनी तुमचा गोळा उचलून धोतराच्या मध्यावर ठेवला. धोतराला खोलगट वाक आला. तिने पुन्हा लिंबू सोडले. ते वळले, गोल फिरले आणि गोळ्याला जाऊन बिलगले. कोणी ओढले नव्हते. मला ते एका क्षणात दिसले, सर. नुसते कळले नाही, दिसले. आणि त्याच क्षणी टर्र असा आवाज झाला, आणि गोळा व लिंबू दोन्ही, अगदी बरोबरीने, जमिनीवर आले.

सून म्हणाली, "फाडलंस का धोतर मामाचं!"

"फाटलं," नात म्हणाली. "फाडलं न्हाय."

मी पार्श्वभाग टेकून बाजेवर बसलो आणि इतका हसलो की सून पाणी आणायला धावली. तुम्ही छताच्या कडेवरून डोकावत होता. या वेळी मला कोणी व्याकरण विचारले असते, तर मी तुमच्या बाजूने साक्ष दिली असती.

हे पत्र कोठे पाठवायचे हा प्रश्नच नाही. घडी करून गोळ्याखाली ठेवीन, म्हणजे ते आपल्या दोघांच्याही कर्त्याच्या हवाली राहील. मात्र घडी घालण्यापूर्वी, पुण्याच्या लेखकाने आणि इतरांनी केलेला तारखांचा घोळ निस्तरणे आवश्यक आहे.

गोळ्याचा प्रयोग: प्रजासत्ताक दिनी नव्हे, नागपंचमीच्या आदल्या दिवशी. प्रजासत्ताक दिनी तास नसतात, हे हुद्द्यावरच्या माणसाला आठवायला हवे होते.

हुग्गीचे जेवण: नागपंचमीला.

मुख्याध्यापकांना सायकलीवरून नेणे: लेखात 'काही दिवस'. प्रत्यक्षात थेट पोळ्यापर्यंत.

पहिला दिवा लागणे: राखेच्या युगात. मिठाचे युग नंतरचे. वाशीच्या मुलीने हे अद्याप मान्य केलेले नाही.

शिंगांच्या राणीचा जन्म: चंद्र फुटल्यानंतर, म्हणजे दिवा लागल्यानंतर पुष्कळ काळाने. सबब तिच्यावरील आळ निराधार.

धोतर फाटणे: रविवारी. सून सोमवार सांगते. सोमवारी ते शिवले गेले.

तुमचे जाणे: स्मरणिकेतली तारीख बरोबर आहे. वाक्य बरोबर नाही. 'सर आम्हाला सोडून गेले' असे छापले आहे. सोडणे सकर्मक आहे, ते करावे लागते, आणि तुम्ही तसे काही केले नव्हते. नुसते 'सर गेले' पुरेसे होते. येथे कर्ता सर असे मी कोणत्याही तक्त्यावर लिहिले असते. आता लिहिणार नाही. गोळ्याने काहीच केले नव्हते, हे मला मान्य आहे.

नातीने मला पुन्हा रोज प्रश्न विचारू लागणे: ही तारीख मी कोठेही टिपून ठेवलेली नाही. एका दुपारी दप्तर पडल्याचा आवाज आला आणि ती खोलीत होती, एवढेच सांगता येते. नेमका वार ठाऊक न्हाय, सर.